भिंगरीचं खातं

११ मार्च

पोरी,

सगळं ठीक आहे असं लिहिलं तर तू कागद फाडून टाकशील, म्हणून लिहीत नाही. तुम्ही दोघी कुठे आहात ते मला सांगू नकोस. तुझी ती औषधांच्या दुकानातली मैत्रीण भलतीच धीराची बाई आहे. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कापता कापता, मान वर न करता म्हणाली, "आबा, डॉक्टरच्या चिठ्ठीखाली पत्र सरकवा, मी पोचवते. तिचे निरोप तोंडीच सांगत जाईन." फोनचं नाव काढू नकोस. माझा फोन तो रोज चाळतो.

तो म्हणजे माझा मुलगा. 'तुझा नवरा' असं लिहायला हात धजत नाही.

तू मोडलेला खांदा पट्ट्यात अडकवून भिंगरीला घेऊन निघालीस, त्या दुपारी मी त्याचा डबा घेऊन गॅरेजात बसलो होतो. त्याला अडकवून ठेवायला नको नको त्या गप्पा मारल्या. संध्याकाळी त्याने रिकामं घर बघितलं आणि आधी अगदी शांत झाला. मग खाली जाऊन गाडीतली पहार घेऊन आला. तुझं कपाट त्याने उघडलं नाही, सोललं. मिक्सर, आरसा, भिंगरीची सायकल, एकेक करून सगळ्याचा भुगा केला. दिवसभर गाड्यांचे पोचे काढून पत्रा सरळ करणारा माणूस घरात शिरला की हाताला लागेल ते वाकडं करतो. शेवटी त्या भुग्यातच बसून रडला. मला त्याची दया आली, हेही सांगून टाकतो. बाप आहे मी.

घरातली एकच वस्तू त्याने अजून फोडली नाही, ती म्हणजे तुझा कॉम्प्युटर. त्याच्या डोक्यात बसलंय की तुम्ही कुठे गेलात ते याला ठाऊक आहे. आणि तू कळवलंस तसं ते खरंच आहे. तुझी मेल त्यात उघडीच राहिली आहे, तिकिटं त्यात आहेत. मध्ये फक्त तुझा पासवर्ड आहे. तो रोज संध्याकाळी समोर बसतो, काही तरी ठोकतो, चुकतं, मग टेबलावर मूठ आपटतो. नंतर मी समोर असलो तर माझा नंबर लागतो. फार नाही.

तू सांगितलेलं सगळं मी दुपारी करून बघितलं. माझ्या बाजूने आत शिरलो, टास्क मॅनेजर उघडून तुझं खातं तिथून बंद करायला गेलो. तर पाटी आली: 'हे साधन तुमच्या प्रशासकाने बंद केलं आहे.' सेटिंगमध्ये गेलो, तीच पाटी. ती आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, तर डोळा मिचकावल्यासारखी मिटून गेली. आता हा प्रशासक कोण म्हणून मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की प्रशासक तूच.

मागे मला बक्षीस लागल्याचं सांगणाऱ्या खिडकीवर मी टिचकी मारली होती आणि अख्खं यंत्र बसलं होतं, आठवतं? तेव्हापासून तू मला भिंगरीच्या खात्यात टाकलंस. त्यामुळे यंत्राच्या लेखी मी आठ वर्षांची मुलगी आहे. थोडा वेळ बसलो की मला डोळ्यांना विश्रांती घ्यायला सांगतं. आज तर म्हणालं, तुझ्या वयाला हे योग्य नाही.

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट अडकली की लोक म्हणतात बिघडली. बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते, कुठल्या तरी मजल्यावरचं दार नीट लागलेलं नसतं, म्हणून ती हलायला नकार देते. तसं इथेही कुठलं तरी दार असणार. ते कुठलं ते सांग.

गाल सुजलाय. दाढ असावी.

आबा

१९ मार्च

पोरी,

दार सापडलं. त्या पाटीखाली बारीक अक्षरात एक बटण होतं: 'पालकाची परवानगी मागा.' या वयात परवानगी मागायची म्हणजे जिवावर आलं, पण दाबलं. यंत्र म्हणालं, विनंती पाठवली आहे. मी चहा ठेवायला उठलो. परत येतो तर काय, 'तुमच्या पालकाने परवानगी दिली आहे.'

मी चहा विसरलो. पातेलं जळलं. तू कुठे तरी बसून, धड हाताने फोन उचलून, माझ्यासाठी बोट टेकवलं होतंस. इतके दिवस औषधवालीच्या तोंडून तुझं बरं चाललंय असं ऐकत होतो, पण आपल्या माणसाचं बरं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पोट भरत नाही. मी रडलो. तिथे कोणी नव्हतं.

टास्क मॅनेजर उघडला, पण तुझ्या खात्याला हात लावायला गेलो की पुन्हा पासवर्ड मागायला लागला. म्हणजे पहिलं दार उघडलं, पण आतलं तसंच. औषधवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "आबा, तुम्ही खटपट सोडा. ती फोनवरूनच सगळीकडून बाहेर पडणार आहे." हे आधी का नाही सुचलं कोणाला? तुझी मेल, तुझे कागद, सगळं तू तिथून काढून घे. घाई कर. तो कॉम्प्युटरवाल्याला घेऊन येणार आहे.

काल त्याने मला विचारलं, "आबा, तुम्ही तिला पळवलंत का?" मी म्हटलं, "पळवायला ती काय कोंबडी आहे?" मी हसलो. हसायला नको होतं. चष्मा नवीन करावा लागेल.

आबा

२ एप्रिल

पोरी,

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. कोवळा माणूस, नुकतं लग्न झालेला असावा, बोटातली अंगठी सारखी फिरवत होता. त्याने एक छोटी दांडी यंत्राला लावली आणि बघता बघता तुझा पासवर्ड उडवला. मी दारात उभा राहून जीव मुठीत धरून बघत होतो. तुझं खातं उघडलं आणि आत काहीच नव्हतं. धुऊन पुसून ठेवलेल्या भांड्यासारखं रिकामं. तू वेळेवर केलंस.

"यात काही नाही हो," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "त्यांनी बाहेरूनच सगळं साफ केलंय."

"परत आण," तो म्हणाला.

"असं परत येत नाही."

"मी पैसे कशाचे देतोय?"

"तुम्ही अजून दिले कुठे आहेत?" बिचारा चेष्टेत बोलला. बोलून मोकळा होतो न होतो तोच माझ्या मुलाने त्याची मान धरली आणि तोंड कीबोर्डवर आपटलं. दोनदा. मी मध्ये पडलो तर माझ्या छातीत कोपर बसलं. कॉम्प्युटरवाला जिन्यावरून धावत गेला, अंगठीचा हात नाकाला लावून. पायऱ्यांवर रक्ताचे थेंब होते, ते मी पुसले. का पुसले ते मला सांगता येणार नाही. आपल्या घरात हीच सवय आहे. मी पुसतो, तू पुसायचीस, माझी बायको होती तेव्हा ती पुसायची. तिला मात्र त्याच्यामुळे नव्हे, माझ्यामुळे पुसावं लागायचं. तेव्हा मी तिच्यावर हात उचलायचो, हे तुला कोणी सांगितलं नसेल, पण तू ओळखलं असशील.

तो माझ्याकडूनच शिकला. जाऊ दे, ते आज नको.

तर आता तू सुटलीस. कॉम्प्युटरमध्ये तुझं काही उरलं नाही. तो मात्र अजून त्याला फोडत नाही, म्हणतो, दुसरा माणूस आणतो.

भिंगरीचे केस एवढे बारीक कापायला नको होते. शेंगदाण्यासारखी दिसते. आणि पुढचे दोन्ही दात एकदम कसे पडले? पडून कुठे आपटली तर नाही ना? निळा रंग तिला खुलतो, हे मात्र खरं.

आबा

१० एप्रिल

पोरी,

औषधवालीने आज गोळ्या दिल्याच नाहीत. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "ती विचारतेय, केस कापलेले तुम्हाला कसे कळले? मी तर तुम्हाला बोलले नव्हते. मलाही माहीत नव्हतं." मी म्हटलं, असंच अंदाजाने लिहिलं. ती म्हणाली, "आबा, दातांचाही अंदाज?"

मग मला बोलावं लागलं, आणि आता तुलाही सांगतो. ऐक, आणि रागावशील तर नंतर रागाव.

तू भिंगरीला नवा टॅब घेऊन दिलास ना? त्यात तिने तिचं जुनंच खातं उघडलं. ते खातं तिचं एकटीचं नाही, तिचं आणि माझं आहे. तू तुझं सगळं काढून घेतलंस, पण हे आबांचं म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही, आणि आबांच्या लक्षात आलं तरी ते बोलले नाहीत. तिने टॅबवर काढलेला प्रत्येक फोटो इथे येऊन पडतो. पहिला आला तेव्हा मला वाटलं यंत्राला भूल पडली. मांजराचं शेपूट होतं. मग तिचं स्वतःचं नाक, अगदी जवळून. मग तू, पाठमोरी, काही तरी चिरताना, दोन्ही हातांनी. तुझा खांदा बरा झाला हे मला त्या फोटोवरून कळलं.

तो गॅरेजला गेला की मी बसतो आणि वाट बघतो. शाळा सुटली की फोटो येतात. मला कळत होतं की हे धोक्याचं आहे. पण सांगितलं तर ते बंद होणार, हेही कळत होतं. मला तेवढंच होतं, पोरी. या घरात दुसरं काय आहे?

आता मुद्द्याचं. परवा एक फोटो आला. भिंगरी निळ्या गणवेशात, शाळेच्या बसला टेकून, बोळक्या तोंडाने हसते आहे. तिच्या डोक्यावर बसच्या पत्र्यावर शाळेचं पूर्ण नाव आहे, गावासकट. मी डोळे मिटले, पण वाचून झालं होतं.

मी फोटो काढून टाकायला गेलो. 'ही कृती तुमच्यासाठी बंद आहे.' खातंच या यंत्रावरून उडवायला गेलो. 'हे फक्त पालक करू शकतात.' तेवढ्यात जिन्यात त्याची पावलं. हाताला पत्रा लागला म्हणून तो लवकर आला होता. मी मागची वायर ओढली आणि पडदा काळा केला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग वायरीकडे. "रोज दुपारी काय करता यावर?" म्हणाला. मी म्हटलं, पत्ते खेळतो. "दाखवा." मी म्हटलं, वीज गेली. वर पंखा फिरत होता.

चौकटीवर डोकं आपटलं माझं. म्हणजे आपटवलं. आधीचा गाल, चष्मा, तेही तसंच, दाढ वगैरे काही नव्हती. काय ते लिहून टाकतो, लपवण्यात आता अर्थ नाही. कानातून रक्त आलं तेव्हा तो थांबला आणि त्यानेच मला पाणी दिलं. पण आता त्याला कळलंय की माझ्या बाजूला काही तरी आहे. माझा पासवर्ड विचारतोय. आज नाही सांगितला.

यंत्र फोडून उपयोग नाही, पासवर्ड असला की कुठल्याही यंत्रावर ते फोटो दिसतील, हे कॉम्प्युटरवाला त्या दिवशी दुसऱ्याच कशाबद्दल बोलताना म्हणाला होता. तेव्हा तूच कर. भिंगरीच्या खात्याचा पासवर्ड बदल, इथून बाहेर काढ, आणि नवा मला कळवू नकोस. विचार करत बसू नकोस. आबांना वाईट वाटेल म्हणून एक दिवससुद्धा थांबू नकोस. हे पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून औषधवालीला सांगितलंय की तुला आजच फोन कर.

आबा

२९ एप्रिल

पोरी,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, सांभाळून घे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. दवाखान्यातली परिचारिका म्हणाली, मी लिहून देते. मी म्हटलं, नको, हे मलाच लिहायला हवं.

तुला औषधवालीने सांगितलं असेलच. तो कोठडीत आहे. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई वर आल्या, त्यांनी माणसं गोळा केली, पोलीस बोलावले. मी जबाब दिला. बाप असून दिला. आधीचंही सगळं सांगितलं, तुझा खांदा, कॉम्प्युटरवाल्याचं नाक. सही जमली नाही, डाव्या अंगठ्याचा ठसा दिला.

पोलिसातले साहेब माझ्या खाटेशी उभे राहून म्हणाले, "आजोबा, मानलं तुम्हाला. हाताचा चुरा झाला पण सुनेचा पत्ता सांगितला नाहीत." शेजारच्या खाटेवरचा माणूस सगळ्यांना तेच सांगत सुटलाय. परिचारिका मला जास्तीचं दूध देते. मी मूग गिळून बसलोय. म्हणून हे पत्र.

झालं ते असं. तो दुपारीच गॅरेज बंद करून आला. पोचे काढायची छोटी हातोडी आणली होती, गोल डोक्याची. मला खुर्चीवर बसवलं, उजवा हात टेबलावर कीबोर्डशेजारी ठेवायला लावला आणि मनगटावर गुडघा टेकला. आवाज चढवला नाही. "आबा, पासवर्ड," म्हणाला. मी नाही म्हटलं. करंगळीवर मारली.

मी ओरडलो नाही. इतकी वर्षं या घरात मार खाताना कोणी ओरडलं नाही, तूसुद्धा नाही. शेजाऱ्यांना कळेल म्हणून. त्याही वेळी माझ्या मनात तेच आलं, बघ.

त्याने पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या बोटावर मारली. हाडाचा आवाज आला आणि मला उलटी झाली. त्याने माझं तोंड स्वतःच्याच रुमालाने पुसलं आणि हातोडी तिसऱ्या बोटावर टेकवली. नुसती टेकवली. मारली नव्हती.

मी सांगितलं.

सगळं सांगितलं, पोरी. भिंगरीचं नाव, मग टिंब, मग माझं नाव. फोटो येतात म्हणालो. शाळेच्या बसचा आहे, त्यावर सगळं लिहिलंय म्हणालो. तो एका हाताने टाइप करत होता, हातोडी दुसऱ्या हातात. यंत्र चूक म्हणालं, तर मीच म्हटलं, "टिंब राहिलं तुझं." आपण होऊन. हातोडी परत उचलू नये म्हणून. त्याने टिंब घालून परत टाइप केलं आणि मी देवाकडे काय मागत होतो सांगू? पासवर्ड बरोबर निघू दे.

पडद्यावर आलं: 'या खात्याचा पासवर्ड पालकाने बदलला आहे.'

तू बदलला होतास. माझं ऐकून, त्याच दिवशी. मला माहीत होतं की तू बदलला असशील, मीच सांगितलं होतं तुला, आणि तरी त्या वेळी ते डोक्यात उरलंच नव्हतं. त्याला वाटलं मी फसवलं. मग त्याने विचारणं सोडून दिलं. उरलेली बोटं, तळवा, मनगट. तेव्हा मात्र मी ओरडलो, शिकवणीवाल्या बाईंच्या वर्गातली मुलं घाबरून घरी पळाली इतकं ओरडलो. शाळेचं नाव त्याने त्यानंतर विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी दिलं असतं.

तर तुला यंत्राने वाचवलं आणि तुझ्या तत्परतेने वाचवलं. मी नाही. इथे सगळे मला शूर म्हणतात, म्हणू देत, त्यांना सांगून काय होणार. पण तूही तेच खरं मानत राहिलीस तर तू माझ्या भरवशावर राहशील. म्हणून कळवलं.

औषधवाली काल आली होती. तुझा निरोप दिला: तो आत आहे, आता आबांना परत खात्यात घेते, भिंगरी रोज विचारते की आबांना माझे फोटो आवडले का. मी भिंतीकडे तोंड केलं. ती निघून गेली.

घेऊ नकोस. तो जामिनावर सुटणार, आज नाही तर महिन्याने. वकील लावलाय. सुटला की तो आधी माझ्याकडेच येणार. मला कितव्या बोटाला तोंड फुटतं ते आता त्याला ठाऊक आहे.

आज ती परत आली तेव्हा तिला सांगितलं की हे एवढं पत्र पोचव, यापुढे माझं पत्र घेऊ नकोस, निरोपही आणू नकोस. तिने वाद घातला, रडली, शेवटी हो म्हणाली.

आणि एक. बसवरचं ते नाव मी विसरायचा फार प्रयत्न केला. दिवसभर लिफ्टचे भाग पाठ म्हणत बसतो, जुन्या इमारतींचे मजले मोजतो. जात नाही. डोळे मिटले की भिंगरी बोळक्या तोंडाने हसते आणि तिच्या डोक्यावर ते नाव, गावासकट, स्पष्ट. म्हणून तिची शाळा बदल. गाव बदल. आत्ताच बस्तान बसलं असेल, नवी मैत्रीण झाली असेल, तरी बदल. मला जे माहीत आहे ते खोटं करून टाक.

आबा